‘हुकूम झाल्यानंतर’ : दोन शब्दांची किंमत

पुण्यातल्या एका वाचक भगिनींचं पत्र आहे. लग्नाआधी, 2017 मध्ये, दोघांनी मिळून फ्लॅट घेतला. करारनाम्यावर आणि कर्जावर दोघांची नावं आहेत. आता परस्परसंमतीने घटस्फोटाचा अर्ज कौटुंबिक न्यायालयात आहे, दुसरी तारीख, म्हणजे घटस्फोटाचा हुकूम (निकाल) व्हायची, दोन महिन्यांवर. नवरा आपला निम्मा हिस्सा काही न घेता द्यायला तयार आहे. विचारतात, “म्हणजे घर माझंच झालं ना?”

नाही झालं. हप्ते कोणी किती भरले, त्यात मी शिरत नाही. तो स्वतःच देतो म्हणतोय. (लग्न झालं की निम्मं घर आपोआप, हे गोव्यात. आपल्याकडे नाही.) तुम्ही पाठवलेल्या संमतीच्या अटींत एक ओळ आहे: हिस्सा ‘हुकूम झाल्यानंतर सहा महिन्यांत’ नावावर करून देईन. यावर तुम्ही न वाचता सही केलीत. सगळी गोम तिथेच आहे.

महाराष्ट्रात नवऱ्याने बायकोला राहतं घर बक्षीसपत्राने दिलं तर मुद्रांक शुल्क 200 रुपये, स्थानिक अधिभार असेल तो वेगळा. हुकूम झाला की तुम्ही त्याची बायको नाही, सवलतही नाही. फ्लॅट 70 लाखांचा धरला तर त्याच्या 35 लाखांच्या हिश्श्यावर नुसत्या 5 टक्क्यांनी पावणेदोन लाख होतात. शिवाय तोवर त्याचं मन फिरलं, तर अंमलबजावणीसाठी पुन्हा कोर्टाची पायरी. तिथे तारखा कशा पडतात, ते तुम्ही अनुभवलंच आहे.

“पण अटी कोर्टात दाखल आहेत, नोंदणी कशाला?” तुमचा अर्ज घटस्फोटाचा आहे, फ्लॅटचा नाही, असं म्हणून दुय्यम निबंधक, म्हणजे दस्त नोंदवणारा अधिकारी, कागद परत करू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये घटस्फोटाच्या तडजोडीत एका जोडप्याच्या मुंबईतल्या फ्लॅटला मुद्रांक शुल्कातून सूट दिली, हे खरं. पण ती मिळाली थेट सर्वोच्च न्यायालयात.

तेव्हा पुरसीस (कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन) देऊन अटींतली ती ‘हुकूम झाल्यानंतर’ची ओळ बदला आणि बक्षीसपत्र दुसऱ्या तारखेआधी नोंदवा. त्याचा वकील कुरकुरेल, आणि बरोबरच कुरकुरेल, कारण हुकूम होईपर्यंत तुम्हालाही संमती मागे घेता येते. त्या आठवड्यातच, तारखेच्या एक-दोन दिवस आधी नोंदणी ठेवा, म्हणजे त्याचाही जीव टांगणीला राहत नाही.

एक शंका मात्र राहते. अटींत ‘पोटगी सोडल्याच्या बदल्यात’ असं कुठे लिहिलं असेल, तर ते बक्षीस ठरेल का, हे मूळ कागद पाहिल्याशिवाय मी सांगणार नाही. बदल्यात काही दिलं असेल तर ते बक्षीस नव्हे. तुमच्या वकिलांना आधी हेच विचारा.

आणि बँकेत उद्याच जा. घर तारण आहे, ना-हरकत पत्र लागेल. तुमच्या एकटीच्या पगारावर कर्ज ठेवायचं की नाही, हे बँक ठरवते, कोर्ट नव्हे. दोन महिन्यांतला निम्मा वेळ तिथेच जाईल.