‘गॅस गोठला’ नव्हे!

प्रश्न आला आहे: खोल समुद्रातली गॅसवाहिनी हायड्रेटने, म्हणजे पाणी आणि गॅस मिळून होणाऱ्या बर्फासारख्या घन पदार्थाने तुंबते, त्याला ‘गॅस गोठला’ म्हणावं की ‘वायुबर्फ’?

दोन्ही नको. ‘गॅस गोठला’ तर इतक्यांदा कानावर पडतं की चीड येते. या गॅसमधला मुख्य घटक मिथेन. तो गोठायला तापमान उणे १८२ अंशांपर्यंत उतरावं लागतं. मिथेनचं हायड्रेट सुमारे ४० वातावरणदाबाला ४ अंशांवरच तयार होतं, दाब वाढला की १५ अंशांवरही. तिथे साधं पाणीसुद्धा गोठत नाही! नळ बंद पाडणारा तो बर्फ नव्हे, हे अमेरिकी संशोधक हॅमरश्मिट यांनी १९३४ मध्येच दाखवलं. गॅससोबत आलेल्या पाण्याच्या थेंबावर आधी पापुद्रा धरतो, मग थेंब एकमेकांना चिकटतात, भिंतीवर थर चढतो आणि बूच बसतं.

‘सजल वायू’ सुचवणाऱ्या परिभाषापंडितांशी मात्र माझं भांडण आहे. त्यांच्या डोळ्यांपुढे मोरचूद असतो. त्याच्या स्फटिकात पाणी पाहुणं असतं. इथे पाणी यजमान आणि गॅस पाहुणा. नातंच उलटं करणारा प्रतिशब्द काय कामाचा?

खरी गंमत ‘हायड्रेट’च्या मुळात आहे. ग्रीक ‘हूदोर’ म्हणजे पाणी, आणि आपलं ‘उदक’ त्याचं सख्खं भावंड. ग्रीकात शेवटी ‘र’, संस्कृत ‘उदन्’मध्ये ‘न’, हे कसं? हित्ती ही प्राचीन भाषा दोन्ही जपून आहे: प्रथमेला ‘वातर’, षष्ठीला ‘वेतेनस’. हे ‘वेतेनस’ आपल्या ‘उदन्’च्या षष्ठीशेजारी, ‘उद्नः’शेजारी, ठेवून पाहा! आणि पाण्यात राहणाऱ्या पाणमांजराला संस्कृतात ‘उद्र’ म्हणतात, तिथे आपल्याकडचा ‘र’ही सापडतो.

दुसरं नाव ‘क्लॅथ्रेट’. ते रसायनशास्त्रज्ञ हर्बर्ट पॉवेल यांनी १९४८ मध्ये लॅटिनवरून घडवलं. अर्थ, गजांनी बंदिस्त. वर्णन चपखल आहे. मिथेन हायड्रेटच्या स्फटिकाच्या एका एककात पाण्याचे ४६ रेणू मिळून आठ पिंजरे उभारतात आणि मिथेनचा रेणू आत कोंडला जातो, रासायनिक बंध न जुळता. म्हणून माझा शब्द ‘जलपंजर’. ‘वायुपंजर’ चालणार नाही. अस्थिपंजर हा अस्थींचाच असतो, तसा हा पंजर पाण्याचा आहे.

बातमीत लिहायचं तर ‘वाहिनीत हायड्रेट धरलं’ लिहा. बुरशी धरते, गंज धरतो, तसंच हे क्रियापद इथे नेमकं बसतं.