लंब रेषा जमत नाही, सायन्स सोडावं का?

अकरावीची पहिली घटक चाचणी झाली की माझ्याकडे येणाऱ्या पालकांचा प्रश्न ठरलेला असतो: दहावीला एवढे मार्क, मग आता काय झालं? ऐरोलीहून आलेल्या या आईनं तर निर्णयच घेऊन ठेवला होता. "मॅडम, हिला कॉमर्सला घालू का? गणित पार डोक्यावरून जातंय."

गणित घेतलं तर कॉमर्सच्या अकरावीतही सरळ रेषा आहेच, एवढं सांगून मी त्यांना बाहेर बसवलं. आई शेजारी असली की मुलं चुकायलाही घाबरतात.

मुलीचा पेपर पाहिला. २क्ष + ३य = १२ या रेषेला लंब आणि (४, ५) मधून जाणारी रेषा काढायची होती. दिलेल्या रेषेचा चढ (आडव्या एका घरामागे रेषा किती वर किंवा खाली जाते ते) −२/३ तिनं बरोबर काढला, पण पुढे नुसतं चिन्ह बदलून २/३ घेतला. 'लंब रेषांच्या चढांचा गुणाकार −१' हे तिनं घडाघडा म्हणून दाखवलं. स्वतःच्या उत्तराचा गुणाकार मात्र केला नव्हता. तो येतो −४/९.

आलेखाचा कागद दिला. रेषेवर (०, ४) आणि (३, २) तिनंच मांडले: तीन घरं उजवीकडे, दोन खाली. म्हटलं, "आता कागद डावीकडे काटकोनात फिरव." उजवीकडची तीन घरं वर गेली, खालची दोन उजवीकडे आली. बोटानं घरं मोजता मोजता ती थांबली. "म्हणजे उलटतंपण! ३/२!" मग ३क्ष − २य = २ तिनं न विचारता लिहिलं, (४, ५) घालून ताळाही पाहिला.

क्ष = ३ ला लंब विचारल्यावर पुन्हा सूत्राची शोधाशोध. उभ्या रेषेचा चढ ठरतच नाही, तिथे गुणाकार कशाचा करणार? उभीला लंब आडवी; (४, ५) मधून जाणारी य = ५. क्लासमध्ये हे एका वाक्यात उरकतात, याचा मला रागच येतो.

काहींना शाखा बदलणंच मानवतं, नाही असं नाही. पण ही मुलगी एका पायरीवर अडली होती. आईला म्हटलं, "सहामाहीपर्यंत घरात कॉमर्सचा विषय नको. रोज दोनच उदाहरणं, ताळ्यासकट."

"आणि तरी नाही जमलं तर?"

"तर बोलू. पण आधी तिला विचारून."