सायलेन्सर कापण्याआधी

प्रश्न : गेल्या वर्षी मी रॉयल एनफील्डची नवी क्लासिक ३५० घेतली. गाडी उत्तम चालते. तक्रार आहे ती फक्त आवाजाची. माझ्या काकांकडे जुनी, कास्ट आयर्न इंजिनाची बुलेट आहे आणि ती गल्लीच्या तोंडाशी आली की घरात कळते. माझ्या गाडीला मात्र मित्र म्हणतात, ‘भाऊ, तुनी बुलेटले आवाजच नही.’ जळगावच्या एका मेकॅनिकने सांगितले की, मूळ सायलेन्सर मागून कापून आतली जाळी काढतो आणि पुन्हा वेल्डिंग करून देतो. बाहेरून कोणाला कळणारही नाही. दुसरा पर्याय इंदोरी किंवा पंजाबी सायलेन्सरचा आहे. यांपैकी काय करावे? आवाज भारदस्त व्हावा, कर्कश होऊ नये, एवढीच अपेक्षा आहे.
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : भारदस्त आणि कर्कश हा भेद आपण स्वतःच केला आहे, हे बरे झाले, बहुतेक पत्रांत केवळ ‘मोठा आवाज’ एवढीच मागणी असते. काकांच्या गाडीचा जो आवाज आपल्याला आवडतो, त्यातला मोठा वाटा सायलेन्सरचा नसून इंजिनाचा आहे. एक सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या (इंजिनातील फिरत्या दांड्याच्या) दर दोन फेऱ्यांना एकदा स्फोट होतो. जुने इंजिन मिनिटाला समजा ६०० फेऱ्यांवर सोडले, तर सेकंदाला ५ ठोके पडतात आणि प्रत्येक ठोका कानाला सुटा ऐकू येतो. नव्या इंजिनाचे आयडलिंग, म्हणजे गाडी उभी असतानाची चाल, १,००० फेऱ्यांच्या थोडे वरच असते, म्हणजे सेकंदाला साडेआठ-नऊ ठोके. ३,००० फेऱ्यांवर ते २५ होतात आणि तेथे सुटे ठोके उरत नाहीत, सलग खर्ज ऐकू येतो. आपल्याला हवी असलेली ‘धक् धक्’ ही अशी फेऱ्यांच्या हिशेबातली गोष्ट आहे. सायलेन्सर कितीही मोकळा केला तरी ठोक्यांची संख्या तीच राहते. फक्त प्रत्येक ठोका अधिक जोरात आदळतो. (जुन्या गाडीप्रमाणे आयडलिंग खाली आणण्याचा आग्रह काही जण धरतात. इंजेक्शनच्या गाडीत तो प्रयत्न करूच नये. त्या वेगाला तेलाचा दाबही पुरेसा राहत नाही.)

आता ‘जाळी’विषयी. मूळ सायलेन्सरच्या आत एकच जाळी नसते, तर पडद्यांनी वेगळे केलेले दोन-तीन कप्पे आणि त्यांना जोडणाऱ्या भोकांच्या नळ्या असतात. ध्वनिलहरी एका कप्प्यातून दुसऱ्यात जाताना मागे परततात, एकमेकींवर आदळतात आणि बऱ्याच अंशी एकमेकींना मारतात. कप्प्यांची लांबी कोणत्या लहरी मारायच्या हे पाहूनच ठरवलेली असते. मेकॅनिक पडदे काढतो तेव्हा हे सगळे गणित एकदम मोडते. खर्ज थोडा वाढतो, हे खरे. पण त्याच्या कितीतरी पट वाढतो तो वरच्या पट्टीतला, पत्रा फाटल्यासारखा आवाज. ज्याला आपण कर्कश म्हणता, तो हाच.

बाहेरचे पंजाबी किंवा इंदोरी सायलेन्सर दोन प्रकारांत मोडतात. काही केवळ पोकळ नळकांडी असतात आणि त्यांच्याविषयी वर सांगितले तेच पुन्हा लागू होते. इतरांत भोकांच्या नळीभोवती काचलोकर दाबून भरलेली असते. काचलोकर वरच्या पट्टीतला आवाज शोषते आणि खालचा जाऊ देते. त्यामुळे नवा असताना असा सायलेन्सर खरोखर गोड वाजतो, हे मान्य करायला हवे. मात्र ही लोकर उष्णतेने हळूहळू ठिसूळ होते आणि नळीच्या भोकांतून उडून जाते. स्वस्त मालात ती मुळातच विरळ भरलेली असते, म्हणून तो आवाज लवकर बिघडतो आणि मग राहते ते पोकळ नळकांडेच.

चालवणाऱ्याला स्वतःला हा बिघाड सर्वांत उशिरा कळतो. सायलेन्सरचे तोंड मागे असते. वरच्या पट्टीतला आवाज ज्या दिशेला सोडला जातो त्याच दिशेला बहुतांशी जातो आणि खर्ज मात्र चोहीकडे पसरतो. पुढे बसलेल्या, हेल्मेट घातलेल्या माणसाच्या वाट्याला म्हणून खर्ज येतो, तर मागून येणाऱ्या रिक्षावाल्याच्या आणि ओट्यावर बसलेल्या आजीच्या वाट्याला उरलेले सगळे. आवाज कसा झाला हे ठरवायचे असेल, तर गाडी मित्राच्या हाती देऊन आपण रस्त्याच्या कडेला उभे राहावे.

इंजिनावरचा परिणामही पाहू. ‘बॅक प्रेशर कमी झाले की गाडी मरते’ हे गॅरेजमधले वाक्य अर्धेच खरे आहे. इंजिनाला मागून अडथळा हवा असतो असे नाही. त्याला हवा असतो जळालेल्या वायूचा वेग आणि योग्य क्षणी परतणारी दाबाची लहर, आणि हे दोन्ही नळीची लांबी व व्यास यांवर अवलंबून असते. फार रुंद नळी लावली की खालच्या फेऱ्यांवर वायूचा वेग पडतो आणि चढावर लागणारी ओढ कमी होते. चाळीसगावहून कन्नडचा घाट दोघे बसून चढताना हे लगेच जाणवेल. आपली गाडी बीएस-६ (प्रदूषणाच्या निकषांची श्रेणी) आहे, म्हणजे तिच्यात जळालेल्या वायूतला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर आणि विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आहे. नेहमीच्या सावकाश चालीत सेन्सरकडून मिळणाऱ्या माहितीवर इंधन दुरुस्त होत राहते. थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर मात्र संगणक कंपनीने आधीच भरलेल्या तक्त्याप्रमाणे इंधन सोडतो, आणि तो तक्ता मूळ सायलेन्सर गृहीत धरून केलेला असतो. सायलेन्सर मोकळा केल्यामुळे हवा जास्त आणि पेट्रोल कमी असे मिश्रण झाले की इंजिन तापते. भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात, पारा ४५ अंशांकडे सरकलेला असताना, हवेवर थंड होणाऱ्या इंजिनावर हा जादा भार टाकण्यात शहाणपण नाही. शिवाय कन्व्हर्टर काही गाड्यांत बेंड पाइपमध्ये (इंजिनापासून सायलेन्सरपर्यंतच्या वाकड्या नळीत), तर काहींत सायलेन्सरच्या पोटातच असतो. कापणाऱ्याला ते ठाऊक असेलच असे नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो, कारण तीत वादाला जागा कमी आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ खाली अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कारावास, अथवा दोन्ही होऊ शकतात. ध्वनी व वायू प्रदूषणाचे निकष मोडल्यास कलम १९० (२) खाली पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कारावास, अथवा दोन्ही, आणि त्याशिवाय ३ महिने लायसन्सला मुकणे. १७५ सीसीवरील दुचाकीची निर्मितीच्या वेळची ध्वनिमर्यादा ८० डेसिबल आहे आणि ती गाडी साडेसात मीटरवरून जाताना मोजतात. तेव्हा मोबाइलचे अ‍ॅप सायलेन्सरच्या तोंडाशी धरून आलेला आकडा कोणीही दाखवला, तरी त्यावरून काही सिद्ध होत नाही. डेसिबलचे मापही सरळ नसते. ८० चे ९० झाले म्हणजे आवाजाची ऊर्जा दहापट झाली. ‘बाहेरून कळणार नाही’ हे मेकॅनिकचे म्हणणे तर हास्यास्पद आहे. नाक्यावरचा हवालदार वेल्डिंग पाहत नाही, तो ऐकतो.

माझा सल्ला असा, की सायलेन्सरला हात लावू नये आणि आहे तो आवाज स्वच्छ करावा. बेंड पाइप जेथे हेडला बसतो तेथील गॅस्केट फुटले असेल, तर ठोक्यांत ‘फस् फस्’ मिसळते. हीट शील्डचे स्क्रू, सायलेन्सरचे माउंटिंग, ढिली चेन आणि नंबरप्लेटचा पत्रा यांची खडखड काढली की मूळ खर्ज उठून दिसतो, आणि हे काम अर्ध्या दिवसाचे आहे. कंपनीच्याच अ‍ॅक्सेसरीमधला सायलेन्सर घ्यायचा असेल, तर आपल्या नेमक्या मॉडेलसाठी तो रस्त्यावर वापरण्यास मान्यताप्राप्त असल्याचे डीलरकडून लेखी घ्यावे. तोंडी ‘चालते हो’ यावर विसंबू नये.

प्रश्न : माझी जुनी, कार्बोरेटरची ३५० आहे आणि तिला आधीच्या मालकाने पंजाबी सायलेन्सर लावलेला आहे. उतारावर थ्रॉटल सोडला की फटाके फुटतात. मेकॅनिक मोठा जेट टाकू म्हणतो. टाकावा का?
— एक वाचक, धुळे

उत्तर : आधी गळती शोधा, जेट (कार्बोरेटरमधले पेट्रोल मोजून सोडणारे छिद्र) नंतर पाहू. थ्रॉटल बंद केल्यावर सिलिंडरमध्ये नीट न पेटलेले पेट्रोल गरम नळीत पोहोचते. तेथे त्याला ताजी हवा मिळाली की ते नळीतच पेटते आणि फटाका वाजतो. ही हवा बहुधा बेंड पाइप आणि सायलेन्सर यांच्या सांध्यातून येते, कारण बाहेरच्या सायलेन्सरचे तोंड क्वचितच नेमके बसते. थंड इंजिन सुरू करून, हात न भाजेल इतक्या अंतरावरून सांध्याभोवती फिरवा. वाफ लागली तर गळती तेथेच आहे. हवा येण्याचा दुसरा मार्ग म्हणजे प्रदूषण कमी करण्यासाठी एक्झॉस्टमध्ये ताजी हवा सोडणारी झडप. ती अनेक गाड्यांत मुळातच असते आणि मोकळ्या सायलेन्सरबरोबर हमखास फटाके वाजवते. ती बुजवण्याचा सल्ला मिळेल, पण ती झडप प्रदूषण नियंत्रणाचाच भाग आहे. मोठा मेन जेट थ्रॉटल उघडा असताना काम करतो, सोडल्यावर नव्हे, म्हणून त्याने आपले फटाके थांबणार नाहीत आणि पेट्रोल मात्र वाढेल. थ्रॉटल बंद असताना पायलट जेट आणि मिश्रणाचा स्क्रू यांचा संबंध येतो. खरे तर मूळ नमुन्याचा सायलेन्सर बसवला की जेटचा प्रश्न आणि हवालदाराचा प्रश्न दोन्ही एकाच दिवशी मिटतील.

प्रश्न : युरोपचा ‘ई’ ठसा असलेला, काढघाल करता येणारा डीबी किलर असलेला सायलेन्सर ऑनलाइन मिळतो. तो तर कायदेशीर आहे ना?
— एक वाचक, शहादा

उत्तर : तो ठसा खरा असला, तरी तो ठरावीक मॉडेलसाठी आणि युरोपातील नियमांनुसार असतो. आपल्याकडे भारतीय मान्यता लागते. ठसा दाखवून चलान टळत नाही. डीबी किलर म्हणजे तोंडात बसवलेली अरुंद नळी. ती आवाज उतरवते, हे खरे, पण एका स्क्रूवर बसलेली वस्तू किती दिवस जागेवर राहते, हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगले माहीत असेल. आपल्या तालुक्यात दत्तजयंतीला सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो. त्या गर्दीत अशी गाडी नेऊच नका. बिथरलेला घोडा डेसिबल मोजत बसत नाही. आणि कोणताही बाहेरचा सायलेन्सर लावलाच, तरी मूळचा भंगारात देऊ नका. गाडी विकताना आणि आरटीओच्या तपासणीत तोच मागितला जाईल.