शेतातली जुनी दफनभूमी: आधी नोंद, मग साफसफाई

प्रश्न : अमेरिकेत मिसूरी राज्यात आम्ही शेतजमीन घेतली. एका कोपऱ्यातल्या झाडोऱ्यात पाच-सहा जुन्या कबरींचे दगड निघाले. सगळ्यांवर एकच आडनाव, सालं १८५० ते १८८० मधली. एका दगडावर जन्मतारीख नाही, नुसतं वय आहे. जागा साफ करून पडलेले दगड सिमेंटमध्ये उभे करायचा विचार आहे. या घराण्याची माहिती कशी काढावी?

उत्तर : कृपा करून आधी एकही दगड हलवू नका. तुम्हाला जो पसारा वाटतो, तोच या घराण्याचा दप्तरखाना आहे. तिथल्या कबरी बहुधा पूर्व-पश्चिम असतात. डोक्याशी मोठा दगड आणि पायाशी नुसती आद्याक्षरं कोरलेला लहान दगड असतो. हा लहान दगड लेकराची कबर समजून लोक उचलून बाजूला ठेवतात आणि कबरीची लांबीच हरवते. अक्षरं नसलेले शेतातले धोंडे, जमिनीतले लांबट खळगे, निळ्या फुलांच्या पेरीविंकलचा गालिचा, या सगळ्या खुणाच आहेत. टेप लावून कच्चा नकाशा काढा, प्रत्येक दगडाचा फोटो घ्या. झुडपं मुळासकट उपटू नका, जमिनीलगत कापा.

पुसट अक्षरांसाठी खडू किंवा दाढीचा फेस नको. आरशाने ऊन बाजूने तिरपं पाडा. सावलीत अक्षरं उठून दिसतात. दगड भुरभुरत नसेल तरच धुवा. आधी साध्या पाण्याने भिजवा, मग मऊ ब्रशने खालून वर घासत न्या आणि भरपूर पाणी ओता. ब्लीचचे क्षार दगडात शिरून पापुद्रे काढतात, तारेचा ब्रश आणि प्रेशर वॉशर कोरीव अक्षरंच खातात. सिमेंट तर नकोच. ते जुन्या संगमरवराहून कडक असतं, त्यामुळे ताण दगडावर येतो आणि तो नेमका सिमेंटच्या कडेशी तुटतो.

आता वयाचं. समजा, ‘१४ मार्च १८६१, वय ३४ वर्षं ५ महिने २० दिवस’ असं कोरलंय. आधी वर्षं वजा करा : १४ मार्च १८२७. मग महिने : १४ ऑक्टोबर १८२६. मग दिवस : २४ सप्टेंबर १८२६. हीच जन्मतारीख, एखाददुसरा दिवस इकडेतिकडे. बाईच्या नावापुढे ‘कॉन्सॉर्ट’ असेल तर ती नवऱ्याआधी, अहेवपणी गेलेली. ‘रेलिक्ट’ म्हणजे विधवा.

कागद जमिनीपासून शोधा. टाउनशिप, रेंज आणि सेक्शन क्रमांक (सरकारी मोजणीतला तुमच्या जमिनीचा पत्ता) घेऊन ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या केंद्र सरकारच्या जमीन खात्याच्या संकेतस्थळावर पहिल्या मालकाचं पेटंट, म्हणजे सरकारने जमीन दिल्याची सनद, पाहा. सरकारी जमीन एकरी सव्वा डॉलरने रोख घेतलेली असेल तर फाइलमध्ये फारसं काही मिळत नाही. १८६२ च्या होमस्टेड कायद्याखाली, म्हणजे वस्ती करून कसण्याच्या अटीवर, १६० एकरांपर्यंत मिळालेली असेल, तर नॅशनल आर्काइव्ह्ज या राष्ट्रीय दप्तरखान्यातली फाइल जरूर मागवा : पाच वर्षांची वस्ती सिद्ध करण्यासाठी घर, पिकं, साक्षीदार असं सगळं तिच्यात लिहिलेलं असतं.

जनगणनेत घरातल्या प्रत्येक स्वतंत्र (गुलाम नसलेल्या) माणसाचं नाव १८५० पासून येतं, कुटुंबप्रमुखाशी नातं १८८० पासून. १८९० ची जनगणना जवळजवळ सगळी नष्ट झाली आहे. तिच्यासाठी वेळ घालवू नका. राज्यभरातले मृत्यूचे दाखले १९१० पासूनचे, म्हणून त्याआधीच्या माणसांसाठी काउंटीच्या (तिथल्या जिल्ह्याच्या) कोर्टातले मृत्युपत्रांचे आणि वाटणीचे कागद चाळा.

एक गोष्ट मनावर घ्या. मिसूरीत १८६५ पर्यंत गुलामगिरी होती. १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या यादीत सहसा मालकाच्या नावाखाली वय, लिंग, वर्ण एवढंच आहे, नाव नाही. या घराण्याचं आडनाव तिथे सापडलं, तर कडेचे बिनअक्षरी धोंडे त्या माणसांचे असू शकतात. नकाशात त्यांनाही क्रमांक द्या आणि कुंपण त्यांच्या बाहेरून घाला. चारही बाजूंनी खासगी जमीन असलेल्या अशा जुन्या दफनभूमीला भेट देण्यासाठी वाजवी वेळी येण्याजाण्याचा हक्क मिसूरीच्या कायद्याने दिला आहे, तेव्हा कुंपणाला फाटक ठेवा.