‘व्हेअरफोर’ म्हणजे ‘कुठे’ नव्हे: जुन्या इंग्रजी शब्दांचे अर्थ कसे लावायचे?

तुम्ही विचारलंय की शेक्सपिअरचं नाटक मूळ इंग्रजीतून वाचायला घेतलंय, घरात आजोबांचं एक जुनं इंग्रजी खरेदीखतही सापडलंय, आणि दोन्हीकडे ‘दाऊ’, ‘व्हेअरफोर’, ‘विटनेसेथ’ असे शब्द अडवतात. डिक्शनरी उघडली तरी वाक्य लागत नाही. मी बरीच वर्षं वकिलांच्या ऑफिसात दस्त तयार करायचं काम करतोय, त्यामुळे हा विषय माझ्या फार जवळचा आहे.

पहिली गोष्ट, अनोळखी शब्दांना घाबरू नका. ते दिसले की आपण थांबतो आणि अर्थ शोधतो. फसवतात ते ओळखीचे शब्द. घरात पासपोर्ट असेल तर राष्ट्रपतींच्या नावाने छापलेली विनंती वाचा. पासपोर्टधारकाला ‘विदाउट लेट ऑर हिंड्रन्स’ जाऊ द्यावं, असं तिथे आहे. आपल्याला माहीत असलेला ‘लेट’ म्हणजे ‘करू देणे’. इथला ‘लेट’ मात्र ‘अडथळा’. मुळात हे दोन वेगळे शब्द होते, काळाच्या ओघात उच्चार एक झाला. हॅम्लेट म्हणतो की मला जो ‘लेट’ करेल त्याचं भूत करीन, तेव्हा तो अडवणाऱ्याबद्दलच बोलत असतो. टेनिसमध्ये सर्व्हिस जाळीला घासून गेली की ‘लेट’ म्हणतात, तोही हाच.

तसंच ‘मीट’चं. 1611च्या इंग्रजी बायबलमध्ये देव हिरवा पाला ‘मीट’ म्हणून देतो, कारण तेव्हा ‘मीट’ म्हणजे कुठलंही अन्न. मिठाईच्या जुन्या दुकानांवर ‘स्वीटमीट’ लिहिलेलं असतं, त्यात तोच अर्थ शिल्लक आहे. त्याच बायबलमध्ये येशू लहान मुलांना ‘सफर’ करा म्हणतो, म्हणजे त्यांना येऊ द्या. ‘नाइस’ हा शब्द लॅटिनमधल्या ‘अज्ञानी’ या अर्थाच्या शब्दावरून आला आणि कित्येक वर्षं ‘मूर्ख’ या अर्थाने चालला. आपल्याला याचं नवल वाटू नये. संस्कृतात ‘राग’ म्हणजे प्रेम, ओढ. आपण मराठीत त्याचा संताप केला.

आता ‘व्हेअरफोर’. ज्युलिएट सज्जात उभी राहून ‘व्हेअरफोर आर्ट दाऊ रोमिओ’ म्हणते, तेव्हा ती त्याला शोधत नसते. तो खाली उभा आहे हे तिला ठाऊकच नाही. ‘तू रोमिओच का आहेस?’ असा तिचा प्रश्न आहे. वैऱ्याच्या घरातलं हे नाव तुला का, आणि पुढच्याच ओळीत ती त्याला बापाला नाकार, नाव टाक म्हणते. ‘कुठे’ असा अर्थ घेतला तर ही पुढची ओळ लागतच नाही.

या कुळातले शब्द मराठी माणसाला खरं तर सोपे जायला हवेत, कारण त्यांची घडण आपल्यासारखी आहे. ‘देअर’ म्हणजे ‘त्या’, ‘हिअर’ म्हणजे ‘ह्या’, ‘व्हेअर’ म्हणजे ‘ज्या’ किंवा ‘कशा’ असं धरा आणि मागे प्रत्यय लावा. देअरइन म्हणजे त्यात. देअरऑफ, त्याचा. हिअरबाय, ह्याद्वारे. व्हेअरइन, ज्यात. व्हेअरफोर, कशासाठी. ही किल्ली मला सापडली त्या दिवशी समोरच्या दस्ताचं पान मी एका दमात वाचून काढलं होतं.

‘दाऊ’ म्हणजे आपलं ‘तू’, आणि ‘यू’ हे अनेकांसाठी किंवा मान देऊन ‘तुम्ही’. प्रार्थनेत येतो म्हणून बरेच जण ‘दाऊ’ला आदरार्थी समजतात. तसं नाही. आपण विठ्ठलाला ‘तू’च म्हणतो ना, तीच जवळीक आहे. नाटक वाचताना कोण कोणाला ‘दाऊ’वरून ‘यू’वर नेतंय यावर लक्ष ठेवा. कुठे माया आहे, कुठे अपमान आहे आणि कुठे नातं तुटलंय, ते तिथे कळतं.

आजोबांच्या खताकडे येतो. त्यात बहुधा आधी ‘व्हेअरॲज’ने सुरू होणारे परिच्छेद असतील. ते आपल्या सरकारी मराठीतलं ‘ज्याअर्थी’. त्यांत जागा कोणाची, विकणाऱ्याकडे कशी आली, ही पूर्वपीठिका असते. मग मोठ्या अक्षरांत ‘नाऊ धिस इंडेंचर विटनेसेथ’ येईल. ‘-एथ’ हा क्रियापदाचा जुना प्रत्यय, आज तिथे नुसता ‘स’ लागतो. अर्थ एवढाच, की हा दस्त साक्ष देतो. ‘इंडेंचर’मध्ये लॅटिनचा ‘डेन्स’ आहे, म्हणजे आपला ‘दंत’. पूर्वी एकाच चामड्यावर मजकूर दोनदा लिहून मधून दातेरी कापत आणि दोन्ही पक्ष एकेक तुकडा ठेवत. वाद झाला की दात जुळवून बघायचे.

तुम्ही खत वाचताना त्या ‘विटनेसेथ’पाशी पेन्सिलने खूण करा. खरा व्यवहार त्याच्या खाली सुरू होतो. तिथे ‘कन्सिडरेशन’ शब्द दिसला तर ‘विचार’ असं समजू नका, तो मोबदला. आजोबांनी जागेला किती रुपये मोजले, ते त्याच ओळीच्या आसपास लिहिलेलं असेल.