आधी आपलं पाणी बघा

प्रश्न : ताई, नमस्कार. पाण्याखालच्या फोटोंसाठी गेल्या मोसमात मिररलेस कॅमेरा, हाउसिंग (कॅमेऱ्याची जलरोधक पेटी), 60 मिलिमीटरची मॅक्रो (अगदी जवळून फोटो घ्यायची) लेन्स आणि एक स्ट्रोब (पाण्याखालचा फ्लॅश) एवढं जमवलं. गोव्यातल्या ग्रँड आयलंडजवळ सुझीज रेक या बुडालेल्या जहाजावर न्यूडिब्रँकचे (बिनशिंपल्याच्या समुद्री गोगलगाईंचे) फोटो काढायला उतरलो, पण लेन्स नुसती पुढे-मागे होत राहते, फोकस धरत नाही. तोवर हवा संपत येते. दुकानदार म्हणाला, 5000 ल्युमेनचा (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप) लाइट लावा, प्रश्न मिटेल. घेऊ का? – एक वाचक, म्हापसा

उत्तर : 5000 ल्युमेनचा घेऊ नका. हे आधीच सांगून टाकते, कारण पत्र वाचून वाटलं की तुम्ही पैसे काढून ठेवलेत.

तुमच्या लेन्समध्ये बिघाड नाही, तिला दिसत नाहीये. ऑटोफोकसला पकडायला कडा लागते, उजळ आणि काळ्याच्या मधली रेघ लागते. ढगाळ सकाळी सुझीच्या गंजलेल्या पत्र्यावर सगळंच हिरवट-राखाडी असतं. तांबडा रंग तर पाण्याने पहिल्या काही मीटरमध्येच गिळलेला असतो. त्यात मॅक्रोसाठी आपण इतके जवळ जातो की पोर्टची (हाउसिंगच्या पुढच्या काचेच्या भागाची) आणि आपलीच सावली त्या जिवावर पडते. कॅमेऱ्याचा स्वतःचा फोकसचा छोटा दिवा असला, तरी हाउसिंगमध्ये तो बहुतेक वेळा पोर्टाआड जातो.

म्हणजे लाइट हवाच. पण शटर दाबेपर्यंत कॅमेऱ्याला कडा दाखवायची, एवढंच त्याचं काम. फोटोतला उजेड स्ट्रोब देतो. हातभर अंतराच्या आतल्या जिवासाठी खरे 500 ते 1000 ल्युमेन पुष्कळ होतात, आणि तेही मी क्वचितच पूर्ण वापरते.

आता आपल्या पाण्याचं. मांडवी आणि जुवारी गाळ आणून ओततात, त्यामुळे ग्रँड आयलंडला पाच-सहा मीटर दिसलं तरी आपण दिवस चांगला म्हणतो. लक्षद्वीपला वीस-पंचवीस मीटर दिसतं. तिथल्या फोटोग्राफरचा सल्ला इथे जसाच्या तसा लावला की घोटाळा होतो. आपल्याकडे लेन्सच्या रेषेत झगझगीत दिवा लावला, तर आधी गाळाचे कण उजळतात. फोटोभर पांढरे ठिपके येतात ते वेगळंच, पण कॅमेराही मधल्या कणांवरच फोकस शोधायला लागतो.

हे घरी करून बघा. काचेच्या चौकोनी टाकीत पाणी घ्या, दोन-तीन थेंब दूध टाका, काळ्या दोऱ्याने एक लवंग आत सोडा. खोलीत अंधार करा. साधी टॉर्च लेन्सला चिकटवून धरली की लवंगेच्या पुढे धुकं उभं राहतं. तीच टॉर्च वर उचलून तिरकी धरा. धुकं विरळ होतं आणि लवंगेच्या डोक्यावरच्या चार पाकळ्या आपापली सावली टाकायला लागतात. कॅमेऱ्याला हवी असलेली कडा ती हीच. मग टॉर्चवर बटर पेपर लावून उजेड कमी करत जा आणि फोकस कुठपर्यंत धरतो ते बघा. इतक्या कमी उजेडातही धरतो, हे पाहून मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा चकित झाले होते.

त्यामुळे निवडताना मी आधी बीम, म्हणजे उजेडाचा झोत, बघते. तो रुंद आणि सगळीकडे सारखा हवा, मधे गरगरीत पांढरा डाग नको. दुकानात पांढऱ्या भिंतीपासून वीतभर अंतरावर धरून बघा, लगेच कळतं. बीमचे अंश बहुधा हवेतले छापतात. सपाट काचेमागचा 100 अंशांचा बीम पाण्यात जेमतेम 70 उरतो, म्हणून छापील आकडा 90 किंवा 100 असेल तरच विचार करा. माझा पहिला लाइट अरुंद बीमचा होता. एका भोकात पारदर्शक कोळंबी सापडली होती, अंगठ्याच्या नखाएवढी, पोटाशी अंडी धरलेली. मी 1/60 सेकंदाच्या संथ शटरवर होते. अठरा फोटो काढले आणि अठराही फोटोंत तिच्या पाठीवर नाण्याएवढा पांढरा चट्टा. ती कोळंबी पुन्हा दिसली नाही. शटर 1/200 आणि ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) बारीक ठेवलं असतं तर स्ट्रोबपुढे तो चट्टा दिसलाही नसता, पण तेव्हा मला ते ठाऊक नव्हतं.

दुसरं, उजेड पायरीपायरीने कमी करता यायला हवा. ज्या सगळ्यात खालच्या पायरीवर फोकस धरतो, तीच वापरायची. तिसरा लाल उजेड. पुष्कळ समुद्री जिवांना तांबडा रंग नीट दिसत नाही, म्हणून रात्रीच्या डाइव्हला खेकडे, कोळंबी पळत नाहीत. पण लाल उजेडात काही कॅमेरे फोकसला रेंगाळतात, तुमचा कसा वागतो ते त्या लवंगेवर तपासा. स्ट्रोब उडाला की आपोआप क्षणभर विझणारा लाइट मिळाला तर उत्तम. शेजारच्या डाइव्हरच्या स्ट्रोबनेही तो विझतो, तेव्हा घाबरू नका.

लाइट हाउसिंगच्या डोक्यावर बॉल माउंटवर (हव्या त्या दिशेला वळणाऱ्या गोळ्याच्या सांध्यावर) बसवा, म्हणजे वर उचलून तिरका करता येईल. खरेदीआधी एक मात्र करा : तुमच्या स्ट्रोबमध्येच छोटा मार्गदर्शक दिवा आहे का ते बघा. पुष्कळांत असतो. अडचण एवढीच की स्ट्रोब बाजूला वळवला की तोही वळतो. तरी चवथीनंतर मोसम उघडला की पहिल्या दोन डाइव्ह त्याच्यावर काढून बघायला काही हरकत नाही.

आणि एक विनंती. समुद्री घोडा दिसला तर लाइट त्याच्या डोळ्यांवर रोखून धरू नका. त्याला पळून जाता येत नाही, तो फक्त मान फिरवतो. दोन-तीन फोटो घ्या आणि पुढे सरका.

प्रश्न : हाच लाइट मालवणला व्हिडिओसाठी चालेल का? आणि विमानाने अंदमानला नेताना बॅटरीचं काय? – एक वाचक, कणकवली

उत्तर : व्हिडिओला नाही. तिथे उजेड सतत लागतो आणि दोन्ही बाजूंनी लागतो, त्यामुळे रुंद बीमचे दोन ताकदीचे लाइट घ्यावे लागतात. ते पाण्याबाहेर चालू ठेवू नका. होडीवर मिनिटभरात हात भाजेल इतके तापतात.

सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या सामानातच न्यायच्या, चेक-इनमध्ये नाही, आणि टोकं झाकलेल्या डबीत. आपल्या लाइटची 18650 बॅटरी साधारण 12 वॉट-तासांची असते आणि परवानगीशिवायची मर्यादा 100 आहे, त्यामुळे आकाराची चिंता नाही. लाइटमधूनही बॅटरी काढून ठेवा, प्रवासात बटण दाबलं जातं. तिकडे पोहोचल्यावर परत घालताना ओ-रिंगवरून (पाणी आत येऊ न देणाऱ्या रबरी कड्यावरून) बोटाचं टोक फिरवा. डोळ्यांना न दिसणारा केस किंवा वाळूचा कण बोटाला लागतो.