न्यूट्रिनो या अतिसूक्ष्म कणावर विद्युतभारच नसतो, मग त्याचा झोत शेकडो किलोमीटर दूरच्या डिटेक्टरकडे वळवतात कसा?

न्यूट्रिनोला वळवताच येत नाही. नेम धरायचा तो त्याच्या जन्मदात्यावर, म्हणजे पायॉन नावाच्या अल्पायुषी कणावर; तो विघटित झाला की न्यूट्रिनो जन्मतो.

जपानमधला टी२के प्रयोग घ्या. पूर्व किनाऱ्यावरच्या तोकाई गावात अ‍ॅक्सेलरेटरमधले प्रोटॉन ३० अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेने साधारण ९० सेंटिमीटर लांब ग्रॅफाइटच्या कांडीवर आदळवतात. त्यातून पायॉन उडतात, पण सैरावैरा. मात्र त्यांच्यावर भार असतो, त्यामुळे ते चुंबकाचं ऐकतात. कांडीभोवती आणि तिच्यापुढे अ‍ॅल्युमिनियमचे तीन ‘हॉर्न’ आहेत. प्रोटॉनचा झटका येतो त्याच क्षणी त्यांतून अडीच लाख अँपिअर किंवा त्याहूनही जास्त करंट सोडतात. धन पायॉन सरळ रेषेत येतात, ऋण पायॉन बाहेर फेकले जातात. करंट उलटा केला की अँटिन्यूट्रिनोंचा, म्हणजे न्यूट्रिनोंच्या प्रतिकणांचा, झोत मिळतो! हॉर्नची ही युक्ती १९६१ मध्ये सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेतल्या सायमन व्हॅन डर मीर यांनी काढली. नोबेल मात्र त्यांना दुसऱ्याच कामासाठी मिळालं.

पुढे सुमारे शंभर मीटरच्या हेलियम भरलेल्या पोकळीत पायॉन विघटित होतात आणि न्यूट्रिनो साधारण त्यांच्याच दिशेने निघतात. बाकीचं सगळं ग्रॅफाइट, लोखंड आणि माती अडवतात. न्यूट्रिनो २९५ किलोमीटर खडकातून जाऊन मिलिसेकंदभरात सुपर-कामिओकांडे या डिटेक्टरच्या ५०,००० टन पाण्यात पोचतात. बोगदा लागत नाही. (२०११ मध्ये इटलीच्या शिक्षणमंत्र्यांनी सर्न ते ग्रान सासो (इटलीतली भूमिगत प्रयोगशाळा) ‘बोगद्या’चा उल्लेख केला आणि भरपूर हसं करून घेतलं.)

खरी गंमत म्हणजे इथे नेम मुद्दामच अडीच अंशांनी चुकवलेला आहे. झोत तिथवर अनेक किलोमीटर पसरतो, त्यामुळे कडेलाही न्यूट्रिनो मिळतातच. शिवाय कडेच्या न्यूट्रिनोंची ऊर्जा ६० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास एकवटते, आणि २९५ किलोमीटरवर रूपांतर, म्हणजे एका प्रकारच्या न्यूट्रिनोचं वाटेतच दुसऱ्या प्रकारात बदलणं, सर्वाधिक दिसतं ते याच ऊर्जेला.

हे रूपांतर ओळखतात प्रकाशाच्या कड्यावरून. झोतात निघतात ते मुख्यतः म्युऑन-न्यूट्रिनो; पाण्यात धडकले की त्यांच्यातून म्युऑन हा कण निघतो, तर बदलून इलेक्ट्रॉन-न्यूट्रिनो झालेल्यांतून इलेक्ट्रॉन, आणि दोघेही पाण्यात प्रकाशाचं कडं उमटवतात. म्युऑनचं कडं रेखीव असतं. इलेक्ट्रॉनचं, रांगोळीवर बोट फिरल्यासारखं विस्कटलेलं. वेळ जीपीएसने जुळवतात, त्यामुळे झोत पोचण्याच्या त्या काही मायक्रोसेकंदांबाहेरचं सरळ बाजूला काढता येतं. २०१३ मध्ये अशी २८ विस्कटलेली कडी जाहीर झाली. रूपांतर होत नसतं तर जेमतेम ५ अपेक्षित होती.